प्रोग्रॅम उघडताना परवानगी नाकारली जात असेल तर

यंत्रमाग कारखान्याच्या कार्यालयात असो वा सोलापूरच्या चाटी गल्लीतील कापड दुकानात, हिशेबाचा जुना प्रोग्रॅम जुन्या हार्ड डिस्कवरून विंडोजच्या नव्या संगणकावर उघडू गेले, की 'अ‍ॅक्सेस इज डिनाइड' हा संदेश हमखास समोर येतो. त्यावर 'सगळ्या सी ड्राइव्हला एव्हरीवनच्या नावे फुल कंट्रोल देऊन टाका', म्हणजे साऱ्या वापरकर्त्यांना सगळे अधिकार द्या, असा सल्ला सोलापुरात सर्रास दिला जातो. तो अजिबात ऐकू नये, कारण एका प्रोग्रॅमपायी साऱ्या यंत्रणेचे संरक्षण त्यामुळे ढिले पडते.

फाइल इंटरनेटवरून उतरवलेली असल्यास तिच्या प्रॉपर्टीजमध्ये जनरलखाली 'अनब्लॉक'वर खूण करावी. अँटिव्हायरसने ती अडकवून ठेवली आहे का, हेही पाहून घ्यावे.

'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने उघडणे, ही तपासणी आहे, उपाय नव्हे. तसे केल्यावर प्रोग्रॅम उघडला, तर अडचण परवानगीचीच आहे एवढे कळते. रोज तसेच उघडण्याची सवय मात्र लावून घेऊ नये. दुसऱ्या संगणकावरील डेटासाठी जोडलेला झेड ड्राइव्ह त्या अवस्थेत बहुधा दिसतच नाही आणि मग डेटा हरवला म्हणून कार्यालयात विनाकारण धावपळ होते.

खरी मेख फोल्डरच्या मालकीची आहे, आणि मीही याच टप्प्यावर बराच काळ अडलो होतो. जुन्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी उघडल्यावर नावाच्या जागी 'एस-१-५-२१'ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक दिसला, तर तो जुन्या संगणकावरील वापरकर्त्याचा ओळख क्रमांक समजावा. नव्या संगणकावर वापरकर्त्याचे नाव तेच ठेवले तरी क्रमांक वेगळाच असतो, त्यामुळे नुसत्या नावसाधर्म्याने काम भागत नाही.

अशा वेळी अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जाऊन 'ओनर'समोरील 'चेंज' दाबावे, आपले नाव लिहून 'चेक नेम्स' करावे, 'रिप्लेस ओनर ऑन सबकंटेनर्स अँड ऑब्जेक्ट्स'वर खूण करून अप्लाय द्यावे आणि सर्व खिडक्या बंद करून प्रॉपर्टीज पुन्हा उघडाव्यात. बहुतेक मार्गदर्शक इथेच थांबतात, आणि त्यांचा मला राग येतो तो यासाठीच. सातबाऱ्यावर नाव लागले म्हणजे शेताचा ताबा मिळाला असे होत नाही. मालकीमुळे परवानग्या बदलण्याचा अधिकार मिळतो, फाइल चालवण्याची परवानगी वेगळी द्यावी लागते. त्यासाठी अ‍ॅडव्हान्स्डमध्येच 'अ‍ॅड' करून आपल्या नावे 'मॉडिफाय', म्हणजे फाइल वाचण्याची, चालवण्याची व बदलण्याची परवानगी, द्यावे. फुल कंट्रोलची गरज नसते.

एवढे करूनही प्रोग्रॅम उघडत नसेल, तर परवानग्यांच्या यादीत 'डिनाय'ची, म्हणजे नकाराची, नोंद शोधावी. त्याच फोल्डरवर थेट लावलेली डिनाय परवानगीला हटवून पुढे जाते, म्हणून ती काढल्याशिवाय बाकीचे सगळे व्यर्थ आहे. 'इफेक्टिव्ह अ‍ॅक्सेस'मध्ये आपले नाव निवडले, की प्रत्यक्षात काय मिळाले आहे ते समजते. हा सारा खटाटोप केवळ त्या प्रोग्रॅमच्या फोल्डरपुरता ठेवावा. विंडोजच्या फोल्डरची मालकी 'ट्रस्टेडइन्स्टॉलर' या विंडोजच्याच अंतर्गत खात्याकडे असते, ती चुकूनही बदलू नये.

फाइल विंडोजच्या एन्क्रिप्शनने कुलूपबंद केलेली असेल, तर मालकी घेऊनही ती उघडणार नाही. तिथे जुन्या खात्याचे डिजिटल प्रमाणपत्रच लागते, म्हणून ते हाती येईपर्यंत जुना संगणक भंगारात देऊ नये.