कुत्र्याला फिरवून आणलं की आधी पोट पुसा

पावसाळ्यात लातूर-नांदेडकडं रस्त्याच्या कडेनं गाजरगवत माजतं. पामेरियन, पगसारख्या बुटक्या कुत्र्यांचं पोट त्याला घासतं, मग रात्रभर खाजवणं नि पंजे चाटणं सुरू.

१. दारातच साध्या पाण्यात पिळलेल्या सुती फडक्यानं पोट, जांघा, काखा पुसा. साबण नको.
२. पंजे मगात बुडवून धुवा. बोटांच्या बेचक्या फाकवून बघा. कुसळं तिथंच अडकतात, वरून दिसत नाहीत.
३. कोरड्या पंच्यानं टिपा. यात घाई अजिबात करू नका, बेचकीत ओल राहिली की खाज आणखी वाढते.

आपलं खाजेचं मलम कुत्र्याला लावू नका, ते चाटून पोटात जातं. कातडी लाल होऊन केस गळत असतील तर सरळ जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा.