जपानी लष्करी तलवार पारखताना या चुका टाळा

दुसऱ्या महायुद्धातील जपानी लष्करी तलवार, म्हणजे गुंतो, हाती आली की नजर आधी पितळी फुलांच्या नक्षीवर, मुठीच्या गुंडाळीवर आणि म्यानावर खिळते. हा साज सैन्याने ठरवून दिलेल्या नमुन्याबरहुकूम बनलेला असतो. आतले पाते मात्र त्याच काळात कारखान्यात तयार झालेले असू शकते किंवा तीन-चारशे वर्षांपूर्वी एखाद्या लोहाराने घडवलेलेही असू शकते, कारण अनेक अधिकारी घरातली वडिलोपार्जित पाती नव्या लष्करी साजात बसवून घेत असत. तेव्हा साज अस्सल आहे का आणि पाते कोणते आहे, हे दोन प्रश्न वेगवेगळे तपासावे लागतात. ज्याने त्यांची गल्लत केली, त्याचा पुढचा सगळा हिशेब चुकतो.

नमुना न ओळखताच किंमत ठरवणे

१८७५ पासून वापरात आलेल्या जुन्या लष्करी तलवारींना पाश्चात्त्य धर्तीची, बोटांवरून वळणारी पितळी परज असे. १९३४ मध्ये सैन्याने पारंपरिक ताची तलवारीच्या वळणाचा नवा नमुना स्वीकारला. त्याला ९४ वा प्रकार म्हणतात, कारण जपानी शाही कालगणनेनुसार ते वर्ष २५९४ होते. त्याच्या म्यानाला टांगण्यासाठी दोन कड्या होत्या. १९३८ च्या ९८ व्या प्रकारात एकच कायमची कडी उरली. नौदलाने १९३७ मध्ये स्वतःचा वेगळा नमुना आणला.

सर्वांत जास्त गोंधळ ९५ व्या प्रकाराबाबत होतो. १९३५ मधील ही तलवार हवालदार दर्जाच्या सैनिकांना सरकारकडून मिळत असे. तिचे पाते यंत्रावर बनलेले, दोन्ही अंगांना चर असलेले असते. मूठ सुरुवातीला तांब्याची आणि नंतर ॲल्युमिनियमची ओतीव असून तिच्यावर फितीच्या गुंडाळीचा नुसता आभास रंगवलेला असतो, तर युद्धाच्या अखेरीस साध्या लाकडी मुठी आल्या. अशा तलवारीत प्राचीन पाते शोधणे व्यर्थ आहे. हाबाकीच्या, म्हणजे पात्याच्या मुळाशी असलेल्या धातूच्या पट्टीच्या, पुढे पात्यावर आणि म्यानाच्या तोंडाशी अनुक्रमांक ठोकलेला असतो. हे दोन्ही क्रमांक जुळले तर किंमत वाढते. ते न जुळल्यास तलवार लगेच बनावट ठरवू नये, कारण शरणागतीच्या वेळी पाती आणि म्याने यांची सरमिसळ सहज होत असे. याउलट अधिकारी आपली तलवार स्वखर्चाने घेत, म्हणून त्यांच्या तलवारींच्या दर्जात जमीन-अस्मानाचा फरक आढळतो.

मूठ न उघडता निर्णय देणे

अधिकाऱ्याच्या तलवारीचा खरा दाखला मुठीच्या आत, नाकागोवर असतो. नाकागो म्हणजे पात्याचा मुठीत जाणारा, न घासलेला भाग. मूठ काढण्यासाठी तिच्यातून आरपार गेलेली बांबूची खुंटी लाकडी किंवा पितळी काडीने अलगद ठोकून बाहेर काढावी. खुंटीची एक बाजू किंचित निमुळती असते, म्हणून ती त्याच बाजूने ढकलावी. नंतर तलवार डाव्या हाताने मुठीत उभी धरून, धार स्वतःपासून दूर ठेवून, डाव्या मनगटावर उजव्या मुठीने हलके ठोसे द्यावेत. पाते हळूहळू सैल होऊन वर सरकते. ते अडले तर जोर लावू नये आणि हातोडा तर मुळीच घेऊ नये.

परजेच्या दोन्ही बाजूंना असलेल्या पातळ चकत्या ज्या क्रमाने निघतात त्याच क्रमाने मांडून ठेवाव्यात. या चकत्यांवर आणि परजेवर बारीक अक्षरांत एकच क्रमांक ठोकलेला दिसला, तर साज मूळचा एकत्र असल्याची ती उत्तम खूण समजावी. बनावट तलवारींत हे क्रमांक बहुधा नसतात, परज ओबडधोबड ओतलेली असते आणि नक्षीच्या पाकळ्यांच्या कडा बोथट लागतात. पात्यावर सोनेरी ड्रॅगन किंवा मोठाली जपानी अक्षरे कोरलेली असतील, तर पुढे पाहण्याची तसदी सहसा घ्यावी लागत नाही.

नाकागो चकचकीत करणे

सगळ्या चुकांत ही चूक सर्वांत महागात पडते आणि ती निस्तरता येत नाही. आपल्याकडे जुनी तलवार मिळाली की चिंच, राख किंवा पॉलिश पेपर घेऊन बसायची सवय आहे. देवघरातली भांडी घासावीत तसे हे काम होते. नाकागोवरील गंजाचा रंग हाच वयाचा पुरावा असतो. शतकांपूर्वीच्या पात्याचा नाकागो गर्द तपकिरी, जवळजवळ काळा आणि हाताला गुळगुळीत लागतो, तर १९४० च्या आसपासच्या पात्यावर कानशीच्या रेषा अजून स्पष्ट असून गंज लालसर, वरवरचा असतो. नाकागोला एकाहून अधिक छिद्रे असतील, तर पाते पूर्वी लांब असून नंतर आखूड केले असण्याची शक्यता असते आणि ती बहुधा जुन्या पात्याची खूण ठरते. गंज घासून काढला की हा सगळा मजकूर पुसला जातो आणि सहीच्या खरेपणाबद्दलही कायमची शंका उरते.

शिक्का आणि सही जशीच्या तशी मानणे

गिफू प्रांतातील सेकी हे गाव युद्धकाळात तलवारनिर्मितीचे मोठे केंद्र होते. सेकीचा किंवा शोवा (सम्राट हिरोहितो यांच्या कारकिर्दीचा, १९२६ पासूनचा कालखंड) हा शिक्का नाकागोवर असेल, तर पाते साधारणपणे अपारंपरिक पद्धतीचे, म्हणजे शोवातो, मानले जाते. तारेचा शिक्का मात्र सहसा वेगळे सांगतो: सैन्याने निवडलेल्या लोहारांना तामाहागाने हे पारंपरिक पोलाद पुरवले जाई आणि त्यांच्या पात्यांवर हा तारा असे. टोकियोच्या यासुकुनी मंदिराच्या आवारात १९३३ ते १९४५ या काळात घडलेल्या पात्यांनाही संग्राहकांत मोठा मान आहे. मात्र शिक्का नाही म्हणून पाते पारंपरिक, हा उलटा तर्क टिकत नाही, कारण शिक्का नसलेली शोवातोही आढळतात.

सहीच्या बाबतीत नाव जितके मोठे, तितका संशय जास्त धरावा. मासामुने किंवा कोतेत्सु या जुन्या नामांकित लोहारांची नावे वाचून हुरळून जाऊ नये. खोट्या सह्या कोरण्याचा उद्योग जपानमध्ये फार जुना आहे आणि बहुतेक वेळा अशी सही खोटीच निघते. तारीख वाचताना शोवा वर्षात १९२५ मिळवावेत, म्हणजे शोवा १८ हे १९४३ होते.

पाण्याची रेषा पाहून फसणे

धारेलगतची पांढरट नागमोडी रेषा, म्हणजे हामोन, हा पात्याला पाणी देण्याचा परिणाम असतो. पारंपरिक लोहार पात्यावर मातीचा लेप चढवून ते तापवत आणि पाण्यात बुडवत; धारेकडे लेप पातळ असल्याने ती कडक होई आणि पाठ तुलनेने नरम राहून चिवट बने. अंधाऱ्या खोलीत एकच दिवा लावून पाते तिरके धरल्यास अशा रेषेत चकाकणारे सूक्ष्म कण आणि धुक्यासारखी छटा दिसते. तेलात पाणी दिलेल्या पात्याची रेषा निस्तेज असते. आम्लाने काढलेली खोटी रेषा सपाट, चुन्यासारखी पांढरी दिसते आणि तिच्यात खोली नसते. हामोन टोकापर्यंत जाऊन वळतो की नाही, हे अवश्य पाहावे, कारण टोक तुटून पुन्हा घडवलेले असेल तर रेषा तिथे धारेत संपून जाते. धारेला काटकोनात गेलेली केसाएवढी चीरही शोधावी. ती सापडली तर उत्तम पात्याचीही किंमत कोसळते.

काही प्रचलित कसोट्या सोडून द्याव्यात. लोहचुंबक पात्याला चिकटले यावरून काहीच सिद्ध होत नाही. पात्याला गंज नाही म्हणून ते बनावट, हेही चूक आहे, कारण नौदलाच्या कित्येक तलवारींची पाती गंजरोधक पोलादाची होती.

कहाणीला किंमत देणे

आग्नेय आशियात दोस्त राष्ट्रांचे सरसेनापती माउंटबॅटन यांनी जपानी अधिकाऱ्यांनी आपल्या तलवारी स्वहस्ते सुपूर्द कराव्यात असा आग्रह धरला होता. तिथल्या जपानी सैन्याचे प्रमुख फील्ड मार्शल तेरावुची यांनीही ३० नोव्हेंबर १९४५ रोजी सायगाव येथे आपल्या दोन तलवारी दिल्या. यातील असंख्य तलवारी आठवण म्हणून सैनिकांकडे गेल्या. मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन मार्च १९४४ मध्ये मणिपूरमधील सांगशाक येथे जपान्यांविरुद्धच्या लढाईत होती, त्यामुळे पश्चिम महाराष्ट्रात किंवा बेळगाव परिसरात एखाद्या माजी सैनिकाच्या घरी गुंतो निघणे अशक्य नाही. तरीही आजोबांनी सांगितलेली हकिकत, कितीही मनापासूनची असली, तरी पात्याचे वय सिद्ध करत नाही. सैनिकाची सेवापुस्तिका, त्या काळचे छायाचित्र, पत्र किंवा शरणागतीच्या वेळी मूळ मालकाच्या नावाची बांधलेली चिठ्ठी असेल, तर ती तलवारीपासून कधीही वेगळी करू नये.

घाईने पॉलिश किंवा परदेशी रवानगी

स्थानिक धार लावणाऱ्याच्या चाकावर पाते दिले, की त्याचे कोन मोडतात. पारंपरिक जपानी पॉलिशचा खर्च साध्या शोवातोच्या किमतीहून अधिक होऊ शकतो, तेव्हा तो पाते लायक असल्याचे कळल्यावरच करावा. तोपर्यंत तेलाचा पातळ हात पुरे. जपानमध्ये केवळ पारंपरिक पद्धतीने घडवलेल्या पात्यांची नोंदणी होते; शोवातो तिकडे पाठवल्यास ती परत मिळेल, या भरवशावर राहू नये. भारतातून पाठवताना आणखी एक अडचण आहे: शंभर वर्षांहून जुने पाते १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येऊ शकते आणि खासगी व्यक्तीला पुरावस्तूची निर्यात करता येत नाही. तलवार बाळगण्याबाबत १९५९ चा शस्त्र कायदाही लागू असल्याने खरेदी-विक्रीपूर्वी जिल्हा प्रशासनाकडे परवान्याची चौकशी करावी.

जाणकाराला छायाचित्रे पाठवायची असतील, तर नाकागोच्या दोन्ही बाजू, टोक, संपूर्ण पाते आणि साजाचा प्रत्येक सुटा भाग वेगवेगळा, साध्या पार्श्वभूमीवर आणि फ्लॅश न वापरता टिपावा. लांबी टोकापासून पाठीवरच्या खाचेपर्यंत सरळ रेषेत मोजून लिहावी, वळणावरून नव्हे.