मेंदूतील गाठ व स्नायूविकार : रेणवीय तपासणीसाठी नमुना कसा जपावा

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणानुसार प्रौढांमधील ग्लायोमाचा (मेंदूतील एका प्रकारच्या गाठीचा) प्रकार ठरवताना गाठीच्या पेशींतील आयडीएच नावाच्या जनुकातील बदल पाहावा लागतो. त्यामुळे शस्त्रक्रिया ठाण्यात झाली आणि पुढील उपचार खारघरच्या टाटा स्मारक केंद्राच्या संकुलात व्हायचे असतील, तर पॅथॉलॉजी विभागाकडून अहवालासोबत पॅराफिन ब्लॉकही (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) मागून घ्यावा. तो उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये, कारण मेण मऊ पडते.

स्नायूविकारात मात्र सुरुवात बहुधा रक्तापासून करावी. मुलाला जिना चढताना किंवा जमिनीवरून उठताना त्रास होत असेल आणि रक्तातील सीकेचे (स्नायूंतील क्रिएटिन कायनेज या विकराचे) प्रमाण खूप वाढलेले असेल, तर ड्यूशेन या आनुवंशिक स्नायूविकाराची शंका घेऊन आधी एमएलपीए ही जनुकीय चाचणी करावी. ड्यूशेनमध्ये ज्यात दोष असतो त्या डिस्ट्रॉफिन जनुकाच्या ७९ एक्झॉनांपैकी (जनुकाच्या खंडांपैकी) काही गळले वा दुप्पट झाले असल्यास ती ते दाखवते. त्यात काही न आढळल्यास जनुकाचा संपूर्ण क्रम तपासावा. लहान मुलाला बायॉप्सीची (स्नायूचा तुकडा काढून तपासण्याची) वेदना टाळता येत असेल तर ती टाळलीच पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

बायॉप्सी अटळ असेल, तर गोठवायचा तुकडा फॉर्मालिनमध्ये टाकू नये, सलाइनमध्ये बुडवूनही ठेवू नये. सलाइनने किंचित ओलसर केलेल्या गॉझमध्ये गुंडाळून तो बर्फावरून तातडीने प्रयोगशाळेत न्यावा, जिथे द्रव नायट्रोजनने थंड केलेल्या आयसोपेंटेन या द्रवात तो गोठवतात. प्रयोगशाळेची वेळ शस्त्रक्रियेआधीच ठरवावी. मुलात दोष सापडल्यास आईचीही वाहक-तपासणी करून घ्यावी.