‘बाजूच्या बिल्डिंगचं बघा ना’ : युक्तिवादाच्या संशोधनात नव्याने येणाऱ्यांसाठी

ठाण्याच्या नौपाड्यातील एका जुन्या सोसायटीच्या सभेत पुनर्विकासाचा विषय तिसऱ्यांदा निघाला, तेव्हा मी मागच्या रांगेत रेकॉर्डर घेऊन बसले होते. पहिल्या मजल्यावरचे एक काका उठले, ‘‘अहो, बाजूच्या बिल्डिंगचं बघा ना!’’ एवढेच म्हणाले आणि खाली बसले. दहा मिनिटांनी चौथ्या मजल्यावरच्या एका तरुण सभासदाने नेमके तेच वाक्य उच्चारले. बाजूची इमारत पाडून तीन वर्षे झाली होती, काम जोत्याच्या वर आले नव्हते आणि तेथील रहिवाशांना विकासकाकडून मिळायचे भाडे थकले होते. काकांना सुचवायचे होते की विकासकाची बँक गॅरंटी हाती पडल्याशिवाय कोणी घर सोडू नये. तरुणाला सुचवायचे होते की त्या लोकांनी भांडणात वर्षे घालवली, तोवर बाजार उतरला, तेव्हा आपण तरी वेळ दवडू नये. दोन्ही वेळा माना डोलल्या आणि त्यांतल्या काही माना त्याच होत्या.

एखादी गोष्ट माणसे एकमेकांना कशी पटवतात याचा अभ्यास करायचा असेल, तर या पाच शब्दांपाशी बराच वेळ थांबावे लागते. तत्त्वज्ञ स्टीफन टूल्मिन यांनी १९५८ साली युक्तिवादाची जी मांडणी केली, तिच्यात दावा आणि त्याचा आधार यांखेरीज या दोहोंना जोडणारा सांधा वेगळा दाखवला आहे, आणि हा सांधा बोलणारा बहुधा बोलतच नाही. आपल्याकडील न्यायदर्शनात प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन असे पाच अवयव सांगितले आहेत. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तेथे अग्नी आहे, हे सांगताना ‘जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात’ हे उघडपणे म्हणावे लागते. सोसायटीच्या सभेत मात्र ही व्याप्ती, म्हणजे धूर आणि अग्नी यांना जोडणारा नियम, कोणी सांगत नाही. काकांनी आणि त्या तरुणाने फक्त धूर दाखवला. अग्नी कोठे आहे हे ज्याने त्याने आपापल्या मनाशी ठरवले.

हे मला पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी समजले नव्हते. तर्कदोषांची यादी पाठ करून मी सभांना गेले आणि पहिल्या दोन सभांच्या, ध्वनिमुद्रणावरून उतरवलेल्या संहितांमध्ये ६३ तर्कदोष शोधून काढले. माझ्या मार्गदर्शक सरांनी तो कागद पाहिला आणि एवढेच विचारले, ‘‘यातलं लोकांना पटलं काय आणि का पटलं?’’ त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. या विषयात दोन वेगळ्या विचारणा आहेत आणि नवखा माणूस त्या हमखास मिसळतो. युक्तिवाद स्वीकारण्याजोगा आहे का, ही एक. तो प्रत्यक्षात स्वीकारला गेला का आणि कशामुळे, ही दुसरी. ॲमस्टरडॅमचे फ्रान्स व्हान एमरेन आणि रॉब ग्रोटेनडॉर्स्ट यांनी पहिल्या बाजूने काम केले आणि चिकित्सक चर्चेचे नियम घालून दिले. येल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ कार्ल होवलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या बाजूने, प्रयोगांच्या मार्गाने, वक्त्याच्या विश्वासार्हतेपासून सुरुवात केली. दोन्ही वाचावे, पण आपला प्रश्न कोणत्या बाजूचा आहे हे आराखड्याच्या पहिल्या पानावरच ठरवावे.

शिवाय माझ्या ६३ दोषांपैकी कितीतरी दोष मुळात दोष नव्हतेच. एका सभेत निवृत्त कार्यकारी अभियंता असलेल्या सभासदांच्या शब्दावर सगळे विसंबत होते आणि मी तेथे ‘अधिकाराचा आधार’ असा शेरा मारून मोकळी झाले होते. खांबांच्या गंजलेल्या सळयांविषयी ते बोलत होते तेव्हा तो आधार रास्त होता. त्याच सुरात ते कॉर्पसच्या, म्हणजे विकासकाकडून मिळायच्या निधीच्या, रकमेविषयी बोलू लागले तेव्हा तो तितकासा राहिला नाही. तसेच ‘वितंडवाद’ हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो, पण न्यायशास्त्रात वितंडा म्हणजे स्वतःचा पक्ष न मांडता केवळ समोरच्याचा खोडणे. प्रत्येक सभेत असा एक तरी सभासद असतो आणि माझ्या नोंदींत करारनाम्यातल्या सर्वांत अडचणीच्या कलमांवर बोट ठेवणारा बहुधा तोच निघाला. (या संज्ञा मराठीतून नीट समजून घ्यायच्या असतील तर दे. द. वाडेकर यांनी संपादित केलेला तत्त्वज्ञान महाकोश जवळ ठेवावा.)

प्रयोगांपैकी एक मात्र मुळातून वाचावाच. पेटी, कॅसिओपो आणि गोल्डमन यांनी १९८१ साली विद्यार्थ्यांपुढे पदवीपूर्व सर्वंकष परीक्षेचा प्रस्ताव ठेवला; काहींना सांगितले की ती पुढच्याच वर्षी लागू होईल, काहींना सांगितले की दहा वर्षांनी. ज्यांच्यावर ती लगेच येणार होती त्यांनी युक्तिवाद भक्कम आहे की तकलादू हे तोलले. ज्यांना तिची झळ लागणार नव्हती त्यांच्यावर प्रस्ताव कोणाचा आहे, प्रिन्स्टनच्या प्राध्यापकाचा की शाळकरी मुलांचा, याचा प्रभाव अधिक पडला. हे वाचल्यावर मला आमच्या सभा वेगळ्या दिसू लागल्या. इमारतीत राहणारे सभासद कार्पेट क्षेत्रफळाच्या तक्त्यावर बोट ठेवून भांडत होते, तर फ्लॅट भाड्याने देऊन दुसऱ्या शहरात राहणारे फोनवर सचिवांना ‘तुम्ही म्हणाल तसं’ सांगत होते. अर्थात प्रयोगशाळेतला निष्कर्ष सभेवर जसाच्या तसा चिकटवता येत नाही, कारण सभेत लोक चाळीस वर्षांचे शेजारी असतात आणि गच्चीच्या किल्लीवरून झालेले जुने भांडणही मताबरोबर बोलत असते.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. विकासक निवडण्याच्या सभेचे चित्रीकरण करावे असे सहकार कायद्याच्या कलम ७९(अ) खालील शासनाच्या निर्देशांतच आहे, त्यामुळे कॅमेरा पाहून कोणी दचकत नाही. पण ते चित्रीकरण संशोधनासाठी केलेले नसते आणि त्याच्या भरवशावर राहू नये. आपली संमतिपत्रे वेगळी घ्यावीत, ती मराठीत असावीत आणि कोणी नंतर नकार दिला तर त्याचे बोलणे निमूटपणे वगळावे. रेकॉर्डर पंख्याखाली ठेवू नये. एका तासाचे ध्वनिमुद्रण उतरवायला मला आठ ते दहा तास लागत आणि मदतनिसाकडून करून घेतलेली पहिली संहिता टाकून द्यावी लागली, कारण त्याने ‘ना’, ‘की’, ‘च’, ‘बरं का’ असे सारे शब्द फापटपसारा समजून गाळले होते. मराठीत युक्तिवादाचे अर्धे वजन याच शब्दांवर असते. ‘भाडं मिळेल’, ‘भाडं मिळेलच’ आणि ‘भाडं मिळेल की’ या तीन वाक्यांपैकी शेवटच्या वाक्यात समोरच्याची शंका आधीच किरकोळ ठरवलेली असते आणि पुढे कोणी प्रश्न विचारला तर तोच आडमुठा दिसतो.

संहितेतल्या वाक्यांचे वर्गीकरण एकट्याने करू नये. ऐरोलीला राहणारी माझी एक सहाध्यायी आणि मी, दोघींनी एकच संहिता स्वतंत्रपणे तपासली, तेव्हा आमच्यातील सहमती मोजणारा कोहेन यांचा कप्पा हा निर्देशांक (पूर्ण सहमती असेल तर तो १ येतो) अवघा ०.४१ निघाला. दोन दिवस आम्ही एकमेकींवर चिडून होतो. मग ध्यानात आले की ‘मग काय रस्त्यावर राहायचं का?’ यासारखी वाक्ये ती प्रश्नांत मोजत होती आणि मी दाव्यांत. वर्गीकरणाच्या नियमावलीत एक ओळ वाढवल्यावर आकडा बराच सुधारला.

प्रवेशपरीक्षा, नेट, शिष्यवृत्ती यांची माहिती सगळीकडे मिळते, म्हणून ती येथे देत नाही. पोटापाण्याचे म्हणाल तर केवळ या विषयाच्या नावाने जाहिरात निघालेली मी पाहिलेली नाही; अध्यापन, आरोग्यविषयक जनजागृती आणि ग्राहक संशोधन येथे हे शिक्षण उपयोगी पडते, पण मुलाखतीत ते समजावून सांगण्याची जबाबदारी आपलीच असते.

सर्वांत महाग पडलेली चूक शेवटी सांगते. मी पटवण्याच्या शास्त्रात पीएच.डी. करते आहे ही बातमी पसरल्यावर दोन्ही गटांचे लोक घरी येऊ लागले, ‘‘ताई, आमचं पत्रक जरा बघून द्या ना.’’ सहाव्या सोसायटीतील एका आजोबांना नाही म्हणवेना. विरोधी आक्षेपाचा उल्लेख करून त्याचे उत्तर देणारा मजकूर एकतर्फी मजकुरापेक्षा अधिक पटतो, आणि आक्षेप सांगून उत्तर न दिल्यास उलटाच परिणाम होऊ शकतो, हे पटवण्याच्या प्रक्रियेचे अभ्यासक डॅनियल ओकीफ यांचे निष्कर्ष मी नुकतेच वाचले होते. त्याबरहुकूम मी पत्रकात भाडे थकण्याची भीती आधी मांडली आणि बँक गॅरंटीचे कलम लगेच खाली दिले. पुढच्या सभेत तीन सभासदांनी माझी वाक्ये जशीच्या तशी म्हटली आणि ती माझ्याच रेकॉर्डरमध्ये मुद्रित झाली. सरांना सांगितल्यावर त्या सोसायटीच्या चार सभांची संपूर्ण सामग्री प्रबंधातून काढावी लागली, आणि ती का काढली याचा खुलासा पद्धतीच्या प्रकरणात दीड पान भरून लिहावा लागला. मौखिक परीक्षेत बाह्य परीक्षकांनी पहिला प्रश्न त्या दीड पानावरच विचारला.