रक्ताची टेस्ट, कुंद्याची टेस्ट: सारखे वाटणारे इंग्रजी शब्द वेगळे कसे काढावेत

रक्ताची टेस्ट आणि कुंद्याची, म्हणजे बेळगावच्या मिठाईची टेस्ट, मराठीत दोन्ही एकच. टॉर्चमधला सेल आणि बेळगावच्या खडेबाजारात लागणारा सेलही तसाच. इंग्रजीत हे चार वेगळे शब्द आहेत. घोटाळा आपल्या ‘ए’मुळे होतो, कारण मराठीत त्याला ऱ्हस्व-दीर्घ नाही. कन्नडमध्ये आहे. त्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी माणसाच्या कानात हा फरक आधीच बसलेला असतो, फक्त तो इंग्रजीसाठी वापरायची सवय नसते.

कन्नडमध्ये पीक म्हणजे बेळे आणि डाळ म्हणजेही बेळे. पिकाचा ‘बे’ तुटक, डाळीचा लांब. दुकानदार ‘तोगरी बेळे’ (तूरडाळ) म्हणतो तेव्हा तो ‘बे’ किती ओढतो ते लक्ष देऊन ऐका. आता पिकाचा ‘ए’ घेऊन रक्ताची टेस्ट म्हणा, डाळीचा घेऊन कुंद्याची. टॉर्चचा सेल पिकाचा, बाजारातला डाळीचा. याच मापाने कर्जाचा डेट तुटक, तारखेचा डेट लांब. पश्चिमेचा वेस्ट तुटक, वाया गेलेला लांब.

इथे हमखास एक चूक होते. ‘ए’ आखूड करायच्या नादात तोंड जास्त उघडतं आणि पेनचा पॅन होतो. जबडा जिथे आहे तिथेच ठेवा, वेळ तेवढा निम्मा करा. ‘ॲ’ हा वेगळाच स्वर आहे आणि तिथे कन्नडच्या मागे जाऊ नका. कन्नडात त्याला स्वतंत्र अक्षर नाही, म्हणून पाटीवर बँकेचं ‘ब्यांक’ होतं. बॅट-बेट, कॉट-कोट अशा जोड्यांना मराठीचा ॲ आणि ऑ पुरेसा आहे.

शिप-शीप, फिल-फील, फुल-फूल इथे आपली खोड वेगळी. ‘तीन’, ‘मीठ’, ‘गूळ’ म्हणून म्हणून जीभ अशा छोट्या शब्दातला स्वर आपोआप लांबवते. त्यामुळे जहाज म्हणायला जावं आणि मेंढी निघते. जोडीतल्या पहिल्या शब्दाचा स्वर मुद्दाम तोडा.

शेवटच्या स-ज चा फरक जरा सावकाश बघावा लागतो. आपण ‘लूज कनेक्शन’ म्हणतो, पण ढिल्याच्या शेवटी इंग्रजीत चक्क ‘स’ आहे. ‘जोर’, ‘जाड’ मधल्या ‘ज’जवळचा उच्चार हरवण्याच्या शब्दात येतो. गळ्यावर दोन बोटं ठेवा: शेवटी गळा गुणगुणला तर हरवणं, नाही गुणगुणला तर ढिलं. लिहिताना ढिल्याला दोन ओ, हरवण्याला एक. सल्ल्याच्या ‘ॲडव्हाइस’चंही तसंच आहे. सल्ला हे नाम, शेवटी ‘स’चा उच्चार आणि स्पेलिंगमध्ये सी. सल्ला देणे हे क्रियापद, त्यात एस लिहितात पण उच्चार ‘ज’चा.

व्ही आणि डब्ल्यूला मात्र मराठी-कन्नड दोन्ही उपयोगाच्या नाहीत. आरशासमोर उभे राहा. गुरांच्या डॉक्टरचा वेट म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकलेले दिसले पाहिजेत. ओल्याचा वेट म्हणताना दात ओठाला लागता कामा नयेत, ओठ गोल. मराठीत आपण व्हीसाठी ‘व्ह’ लिहितो, म्हणून काहीजण त्यात ‘ह’चा श्वास घालतात. तो नको.

काही जोड्या कानाने सुटतच नाहीत, कारण उच्चार एकच असतो. त्या स्पेलिंगनेच पाठ कराव्यात. प्लॉटला इकडे साईट म्हणतात, ती एस-आय-टी-ई. डोळ्यांची साईट एस-आय-जी-एच-टी. कॉलेजचा प्रिन्सिपल आणि कर्जाची मुद्दल या दोन्हींच्या शेवटी पी-ए-एल, म्हणजे भिंतीवरची पाल. तत्त्वाच्या शेवटी पी-एल-ई. वह्या-पेनांच्या स्टेशनरीत आरच्या आधी ई, जागच्या जागी उभ्या असलेल्याला ए, अचलचा.

सरावाला रोज चार जोड्या पुरे. सोबत्याने तुमच्याकडे पाठ फिरवून बसावं, तुम्ही जोडीतला कुठलाही एक शब्द म्हणावा, त्याने अर्थ सांगावा. वीसपैकी सोळा बरोबर आले की पुढची जोडी. सोबती नसेल तर मोबाईलच्या कीबोर्डवरचा माईक इंग्रजीवर ठेवून बोला, पण शब्द सुटा बोला. पूर्ण वाक्य बोललात तर फोन पुढल्या-मागल्या शब्दांवरून अंदाज बांधतो आणि तुमचा चुकलेला उच्चारही बरोबर लिहून मोकळा होतो.