पक्ष्यांचे फोटो स्पर्धेला पाठवताय? या चुका टाळा

सोलापुरातल्या लहान-मोठ्या छायाचित्र स्पर्धांचे परीक्षण करताना पक्ष्यांची जी छायाचित्रे माझ्यासमोर येतात, त्यांतली बरीचशी तांत्रिकदृष्ट्या बिनचूक असतात आणि तरीही पहिल्याच फेरीत बाजूला पडतात. फांदीवर बसलेला खंड्या, तारेवर बसलेला वेडा राघू, पाण्यात उभा असलेला बगळा. पक्षी स्पष्ट, मागचे सगळे धूसर, रंग भडक, आणि पक्षी मात्र काहीच करत नाही. एका बैठकीत असे कितीतरी खंड्ये पाहिल्यावर परीक्षकाची नजर थांबते ती पक्षी त्याचे रोजचे जगणे जगताना दिसतो, त्या छायाचित्रापाशी. अशा छायाचित्रासाठी महागडी लेन्स नव्हे, तर त्या पक्ष्यासोबत घालवलेला वेळ लागतो.

उन्हाच्या झळांना लेन्सचा दोष समजणे

ही चूक आपल्या भागात सर्वाधिक होते, आणि तिच्यापायी लोक विनाकारण पैसे घालवतात. मार्च महिन्यात नान्नजजवळच्या माळावर मला धाविक पक्ष्यांची जोडी दिसली होती. सकाळचे साडेदहा वाजले होते, पक्षी साधारण साठ मीटरवर होते आणि मी मुरमावर पालथा पडून त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवरून तासभर फोटो काढले. घरी येऊन पाहिले, तर एकाही फोटोत डोळा धारदार नव्हता. लेन्स बिघडली असे समजून मी ती दुरुस्तीला पाठवली आणि ती तीन आठवड्यांनी काहीही दोष नसल्याच्या चिठ्ठीसह परत आली. पुढे त्याच माळावर, त्याच लेन्सने, सूर्य उगवताना काढलेल्या पहिल्या काही फोटोंतच पिसान् पीस मोजता येत होते.

जमीन तापली की तिच्यावरच्या हवेचे थर वेगवेगळ्या तापमानाचे होतात, त्यांतून येणारा प्रकाश वाकत राहतो, आणि लांब पल्ल्याची लेन्स ती थरथरही पक्ष्याइतकीच मोठी करून दाखवते. जमिनीलगत ही थरथर सर्वांत जास्त असते. त्यामुळे झोपून फोटो काढण्याचा, एरवी अगदी योग्य असलेला सल्ला ऊन चढल्यावर उलटा पडतो. गाडीच्या तापलेल्या बॉनेटवरून फोटो काढतानाही हेच घडते.

दोष नेमका कशाचा, हे ओळखण्यासाठी एकाच पक्ष्याचे सलग दहा फोटो शेजारी-शेजारी ठेवून पाहावेत. पक्ष्यापुढचे किंवा मागचे गवत स्पष्ट असेल, तर फोकस चुकला आहे. सगळे चित्र एकाच दिशेने ओढल्यासारखे दिसत असेल, तर कॅमेरा हलला आहे किंवा शटरचा वेग कमी पडला आहे. पण प्रत्येक फोटोत वेगळाच भाग स्पष्ट आणि कडा पाण्यात पाहिल्यासारख्या वेड्यावाकड्या दिसत असतील, तर त्या झळा आहेत आणि कोणत्याही सॉफ्टवेअरने त्या निघत नाहीत. नवी लेन्स कोणती घेऊ असे विचारायला येणाऱ्याला मी आधी त्याच्या फाइलमध्ये नोंदलेली वेळ दाखवायला सांगतो. उन्हाळ्यात मी स्वतः आठनंतर माळावर कॅमेरा बाहेर काढत नाही. कोणाला हे फार कडक वाटते, पण पहाटे पाचला उठायची तयारी नसलेल्याला माळावरचे पक्षी मिळत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

काही चुका थोडक्यात

हिप्परगा तलावाच्या बांधावर उभे राहून खाली पोहणाऱ्या बदकाचा फोटो काढला, की बदकाची पाठ मिळते, चेहरा मिळत नाही. काठाशी उतरावे आणि बसावे. काळसर पाण्यावरचा पांढरा बगळा कॅमेरा हमखास जास्त उजळ करतो आणि पिसांचे तपशील कायमचे जातात, म्हणून एक्स्पोजर (फोटोचा उजेड) दोन-तृतीयांश स्टॉपने (स्टॉप म्हणजे उजेड मोजण्याचे एकक) कमी ठेवून हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, पाहावा. उडणाऱ्या पक्ष्यासाठी एक द्विसहस्रांश सेकंदापेक्षा मंद शटर मी सहसा ठेवत नाही. त्यापायी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला प्रतिसाद देण्याची क्षमता) वाढला तरी चालतो, कारण चित्रात दिसणारे थोडे कण क्षम्य असतात, हललेला डोळा नसतो. सलग काढलेल्या फोटोंतून निवड करताना डोळ्यावर आतला पारदर्शक पडदा आलेला फोटो वगळावा. चोवीस मेगापिक्सेलच्या फोटोतला फक्त चौथा हिस्सा ठेवून बाकीचा कापून पाठवला, तर सहाच मेगापिक्सेल उरतात आणि मोठ्या छपाईत ते उघडे पडते.

हिवाळ्यात ज्वारीच्या रानांवर भोरड्यांचे थवे येतात, तेव्हा नवशिके थव्यातला एखादा पक्षी मोठा करायला धडपडतात. वास्तविक संध्याकाळी थव्याचा बदलत जाणारा आकार आणि खाली गोफण फिरवणारा शेतकरी असे दोन्ही एका चौकटीत येऊ शकते, आणि त्यासाठी साधी लेन्सही पुरते.

घरट्याजवळ जाणे

याविषयी मला मोजून-मापून लिहिता येत नाही. मे महिन्यात तलावाचे पाणी मागे सरले, की उघड्या पडलेल्या खडकाळ जमिनीवर टिटवी अंडी घालते. एकदा मी तिथे पोहोचलो तेव्हा तीन तरुण चार अंड्यांच्या भोवती कॅमेरे रोखून बसले होते. टिटवी पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून येत होती, कारण त्या ओलाव्याने ती अंडी थंड राखते, पण तिला अंड्यांवर बसताच येत नव्हते. त्यांना उठवायला मला बराच वाद घालावा लागला. काही महिन्यांनी त्याच प्रसंगाचे एक छायाचित्र ‘मातृत्व’ या शीर्षकाने स्पर्धेत आले. अर्धवट पसरलेले पंख, वासलेली चोच आणि झुकलेली मान यांना छायाचित्रकाराने माया समजले होते. प्रत्यक्षात ती भीती होती, आणि पक्षी ओळखणाऱ्या परीक्षकाला ती लगेच दिसते. आम्ही ते छायाचित्र एकमताने बाद केले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणेही येते, हे अनेकांना माहीत नसते.

घरटे अचानक समोर आले, तर मी आल्या वाटेने मागे फिरतो आणि जागा कोणालाही सांगत नाही. टिटवी पोट भिजवतानाचा फोटो मला पुढच्या वर्षी मिळाला, तो घरट्यापासून दूर, पाण्याच्या काठी. ती पाण्यात बसून अंग डोलवत होती आणि माझ्याकडे तिचे लक्षही नव्हते. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावण्याचा मार्गही मला याच कारणासाठी मान्य नाही; दुसरा नर हद्दीत शिरला असे समजून तो पक्षी ऐन विणीच्या दिवसांत आपली शक्ती वाया घालवतो.

मूळ फाइल नसणे

फांदी पुसणे, आकाश बदलणे, दोन फोटोंतले पक्षी एकत्र आणणे हे स्पर्धेसाठी सरळ अपात्रतेचे कारण आहे. ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ या लंडनच्या स्पर्धेत बक्षीस मिळालेले मुंगीखाऊचे एक छायाचित्र, त्यातला प्राणी पेंढा भरलेला असल्याच्या निष्कर्षावरून २०१८ मध्ये रद्द झाले. असे काही केलेले नाही हे तपासण्यासाठी शेवटच्या फेरीत संयोजक रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली, कोणताही बदल न केलेली मूळ फाइल, मागतात, आणि ती नसल्यामुळे प्रामाणिक मुलांचे चांगले फोटोही मागे पडलेले मी पाहिले आहेत. मी पाठवलेल्या फोटोची रॉ फाइल आणि त्याच्या आधीचे व नंतरचे पाच-पाच फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो, तारीख, जागा आणि पक्षी काय करत होता हे दोन ओळींत लिहून ठेवतो, आणि निकाल लागेपर्यंत त्या फोल्डरला हात लावत नाही.