लेहहून पोर्ट ब्लेअरला किती वेळ लागेल, ते स्वतः कसं काढायचं

नौपाड्यात माझं तिकीट बुकिंगचं ऑफिस आहे. परवा एक काका-काकू आले. मुलाची नोकरी लेहला, तो सुट्टीत तिथूनच अंदमानला येणार, हे दोघं ठाण्याहून निघणार. "तो किती तासांत पोचेल हो?" मोबाइलवर त्यांना 'चार तास' असं दिसलं होतं. ते चार तास खरे आहेत, पण असं थेट विमानच नाही!

आधी अंतर काढू. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या. लेह ३४.१ उत्तर, ७७.५ पूर्व. पोर्ट ब्लेअर ११.६ उत्तर, ९२.७ पूर्व. (गावाचं नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं, तरी गिऱ्हाईक अजून पोर्ट ब्लेअरच म्हणतं.) अक्षांशांत फरक २२.५. एका अंशाचे १११ किलोमीटर, म्हणजे साधारण २,५०० किलोमीटर. रेखांशांत फरक १५.२, पण उत्तरेकडे जावं तसे रेखांश जवळ येत जातात, म्हणून इथे १११ ला सरासरी अक्षांशाच्या, म्हणजे साधारण २३ अंशांच्या, कॉसने (कॅल्क्युलेटरवरचं cos बटण) गुणायचं. तो ०.९२. मग त्याला १५.२ ने गुणा. उत्तर साधारण १,५५० किलोमीटर. कॅल्क्युलेटर डिग्रीवर आहे ना, तेवढं बघा, नाहीतर भलतंच काहीतरी येईल. आता शाळेतला पायथागोरस: दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ. झाले सुमारे २,९४० किलोमीटर. भारतापुरता हा हिशोब छान चालतो. ध्रुवाजवळच्या लांब प्रवासाला मात्र वापरू नका.

वेळेसाठी ताशी ८०० किलोमीटर धरा आणि धावपट्टी, चढणं-उतरणं यांचा अर्धा तास वर टाका. चार तास दहा मिनिटं. मोबाइलवरचे 'चार तास' ते हेच.

आता खरा प्रवास. दिल्लीमार्गे लेह–दिल्ली ६२० आणि दिल्ली–पोर्ट ब्लेअर २,४९० किलोमीटर, म्हणजे वळसा जेमतेम पावणेदोनशेचा. हवेतला वेळही फार वाढत नाही. सव्वा तास अधिक साडेतीनच्या वर थोडा. वेळ खातो तो दिल्लीतला मुक्काम. लेहची विमानं बहुतेक सकाळीच सुटतात. दुपारी दरीत वारा सुटतो, आणि उन्हाने विरळ झालेल्या हवेत भरलेलं विमान उचलणं कठीण जातं. तेव्हा पोर्ट ब्लेअरचं विमान दिल्लीहून पहाटेचं असेल, तर लेहहून निघून ते त्याच दिवशी गाठणं अशक्य. रात्र दिल्लीत. म्हणून मी कोलकाता आणि चेन्नईमार्गेही बघतो. कोलकात्याहून पुढे फक्त १,३०० किलोमीटर उरतात.

दोन विमानांत निदान तीन तास ठेवा. लेहला हवा बिघडली की विमान रद्द होतं, आणि दिल्लीत टर्मिनल बदलायची वेळ आली तर बॅगा घेऊन धावाधाव होते. दोन्ही तिकिटं एकाच पीएनआरवर घ्या. वेगवेगळी घेऊन हजारभर वाचवाल, पण पहिलं विमान उशिरा आलं की दुसऱ्याचे पैसे बुडाले.

काकांना मी सांगितलं, मुलगा दुसऱ्या दिवशी येईल असं धरा, तुम्ही हॉटेल आदल्या दिवसापासून घ्या.

उलट दिशेने जाणार असाल तर हिवाळ्यात थोडा जास्त वेळ धरा, उत्तर भारतावर उंचावरचं पश्चिमी वारं समोरून येतं. आणि समुद्रकाठावरून एकदम १०,७०० फुटांवर उतरणार, तेव्हा लेहचे पहिले दोन दिवस नुसते झोपायला आणि पाणी प्यायला मोकळे ठेवा.